पुढच्या तारखेचा इतिहास

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, किमो आणि लागल्यास रेडिएशन पुरे झाले, की रुग्णाच्या हाती एक कागद येतो आणि त्यावर पुढची तारीख असते. इथून साधारण पाच वर्षांचा क्रम ठरलेला आहे. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायचे आणि सीईए ही रक्तचाचणी करायची. मग पाच वर्षे भरेपर्यंत दर सहा महिन्यांनी. छाती-पोटाचा सीटी स्कॅन वर्षातून एकदा. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, ऑपरेशननंतर वर्षभराने. ती स्वच्छ निघाली तर पुढची तीन वर्षांनी आणि त्यानंतरची पाच वर्षांनी. आजार उलटायचा असेल तर सुमारे ८० टक्के रुग्णांत तो पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. यकृतात किंवा फुप्फुसात उमटलेली एखादी गाठ तेव्हाच सापडली तर ती काढून माणूस पुन्हा बरा होऊ शकतो. वेळापत्रकामागचा हिशेब एवढाच आहे.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या एम. पी. नगरात, यातली रक्तचाचणी आज सकाळी देऊन संध्याकाळपर्यंत तिचा रिपोर्ट मोबाइलवर घेता येतो. कोचिंग क्लास, बँका, वर्तमानपत्रांची कार्यालये आणि लॅब यांनी भरलेली ही वस्ती नव्या भोपाळचा व्यापारी मध्य आहे. पण उपचार संपलेल्या माणसाला पाच वर्षे नजरेआड होऊ द्यायचे नाही, ही पद्धत लॅबमधून आलेली नाही. ती आली शल्यचिकित्सकांच्या वहीतून, आणि भारतात ती रुजवली गावोगाव, गल्लोगल्ली रुग्णांचे पत्ते शोधत हिंडणाऱ्या माणसांनी. या इतिहासात भोपाळचा वाटा बराच मोठा आहे.

गुदाशयाच्या कॅन्सरची आधुनिक शस्त्रक्रियाच मुळी पाठपुराव्यातून जन्मली. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स सुरुवातीला खालच्या बाजूने गाठ काढण्याचे तेव्हाचे रूढ ऑपरेशन करीत. इतरांनी तेवढ्यावर समाधान मानले. माइल्सनी मात्र आपल्या रुग्णांचे पुढे काय झाले ते शोधून काढले. ५७ पैकी ५४ जणांत आजार उलटला होता. त्यांनी शवविच्छेदने करून तो कुठे कुठे पसरला ते पाहिले आणि १९०८ साली पोट आणि गुदमार्ग अशा दोन्ही बाजूंनी करायचे मोठे ऑपरेशन मांडले. त्यात गुदद्वार कायमचे बंद होई आणि शौचाची वाट पोटावर काढली जाई. पुढच्या अनेक दशकांत लक्षावधी लोकांच्या पोटावर जी पिशवी आली, ती अशी एका सर्जनच्या प्रामाणिक हिशेबातून आली.

त्याच सुमारास अमेरिकेत बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी हा हिशेब सक्तीचा करावा असा आग्रह धरला. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवायचे, वर्षभराने त्याला बोलवायचे आणि उपचाराचा उपयोग झाला की नाही, नसेल तर का नाही, हे लिहायचे. सहकाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही. १९१४ मध्ये कॉडमननी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल सोडले, पण कार्डाची कल्पना कॅन्सरच्या क्षेत्रात टिकली. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कॅन्सरच्या ए, बी, सी या पायऱ्या ठरवल्या. गाठ आतड्याच्या भिंतीत आहे, भिंतीबाहेर गेली आहे की लसिकाग्रंथींत शिरली आहे, यावरून माणूस किती जगेल याचा अंदाज त्यातून मिळू लागला. तो अंदाज बांधायला ऑपरेशननंतर कोण जगले आणि कोण गेले हे माहीत असणे भाग होते. तेव्हा फॉलो-अप सुरू झाला तो डॉक्टरांना स्वतःचे काम तपासता यावे म्हणून. त्यात रुग्णाचा फायदा होता, पण तो ओघाने आलेला.

मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले आणि ही रीत भारतात आली. केस नंबर, फाईल आणि पुढची तारीख, ही टाटाची ओळख तेव्हापासूनची. १९५७ मध्ये हॉस्पिटल केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले; कारभार बदलला, फाईल राहिली. अडचण अशी की इथे येणारा रुग्ण परळचा नसे. तो कोकणातून, विदर्भातून, माळव्यातून किंवा बिहारातून येई, बरा झाला की गावी जाई, आणि त्याचा पत्ता म्हणजे गाव, डाकघर आणि जिल्हा. इंग्लंडात माणूस मेला की त्याची नोंद सरकारदरबारी होते आणि ती हॉस्पिटलपर्यंत पोचू शकते. इथे मृत्यूची नोंद होईलच याची खात्री नव्हती आणि झाली तरी कारण बरोबर लिहिलेले असेल असे नव्हते. तारखेला न आलेला माणूस बरा आहे, दमला आहे, कंगाल झाला आहे की वारला आहे, हे हॉस्पिटलात बसून कळणे अशक्य होते.

हा गुंता सोडवायला पहिले मोठे पाऊल टाकले ते इंडियन कॅन्सर सोसायटीने. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रोगाची माहिती कोणी आपण होऊन कळवणार नाही हे गृहीत धरूनच तिची घडी बसवलेली होती. नोंदणीचे लोक स्वतः हॉस्पिटलांत, नर्सिंग होममध्ये आणि पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत जात, महापालिकेच्या मृत्युनोंदी चाळत. पुढे रुग्ण किती वर्षे जगतात हे मोजायची वेळ आली तेव्हा टपालाने चौकशी, फोन आणि शेवटी घरी जाऊन भेट, असा क्रम पडला. टपाल हे त्या काळचे स्वस्त साधन. उत्तराचे कार्ड जोडलेले जोडकार्ड पाठवले की समोरच्याला खर्च पडत नसे, फक्त दोन ओळी खरडून डब्यात टाकायच्या. तरीही चाळ पडली, भाडेकरू बदलला, सून पत्र वाचू शकली नाही, अशा कारणांनी बरीच कार्डे कोरी राहत. मग कोणीतरी जिने चढून दार ठोठावायचे.

बार्शीत तर टपालाचाही आधार नव्हता. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली: सोलापूर जिल्ह्यातला बार्शी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले परांडा व भूम हे तीन तालुके, ३४६ गावे. डॉ. भगवान नेने यांच्या नेतृत्वाखाली नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलाने आणि टाटा मेमोरियलने मिळून हे काम उभे केले. कार्यकर्ते ठरल्या फेरीने गावात जात, ग्रामसेवक, शिक्षक, गावातली जाणती मंडळी यांना भेटत, कॅन्सरची लक्षणे समजावून सांगत, संशयिताला हॉस्पिटलात आणत आणि उपचारानंतर पुन्हा त्याच्याच ओट्यावर बसून चौकशी करीत. नोंद ठेवणारा आणि हात धरून आणणारा इथे एकच माणूस होता. फॉलो-अपच्या भारतीय इतिहासात याहून चांगली व्यवस्था क्वचितच झाली असेल. ती स्वस्त होती, पण तिला चालणारी माणसे लागत, आणि नेमकी तीच पुढच्या योजनांच्या अंदाजपत्रकातून गळत गेली.

भोपाळात पाठपुरावा आला तो एका दुर्घटनेमागोमाग. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड बाधित ठरले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, लगेच दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला: बाधित वस्त्यांतले ८०,०२१ लोक आणि तुलनेसाठी बाधा न झालेल्या भागातले १५,९३१. एवढ्या माणसांना वर्षानुवर्षे भेटत राहायचे होते. पत्ते होते झोपडपट्ट्यांतले, जुन्या शहरातल्या गल्ल्यांतले, अमक्याच्या मागे आणि तमक्याच्या समोर अशा खुणांचे. घरे हलली, झोपड्या उठल्या, मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, काहींनी त्याच त्या प्रश्नांना कंटाळून दार उघडणे सोडले. यादीतली माणसे दर वर्षी निसटत गेली. १९९४ नंतर हे काम राज्य सरकारच्या पुनर्वास अध्ययन केंद्राकडे गेले, आणि २०१० मध्ये आयसीएमआरची पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था भोपाळात आली तेव्हा तिच्या वाट्याला त्या यादीचा उरलेला भाग आला.

याच पार्श्वभूमीवर भोपाळची कॅन्सर नोंदणी उभी राहिली. गांधी मेडिकल कॉलेजात बसलेल्या या नोंदणीने १९८८ पासून शहरातल्या प्रत्येक कॅन्सर रुग्णाची माहिती गोळा करायला सुरुवात केली. वायूमुळे कॅन्सर वाढला का, हा प्रश्न तिच्यापुढे होताच. पण तिच्यामुळे आणखी एक गोष्ट शक्य झाली. १९९१ ते १९९५ या काळात निदान झालेले भोपाळचे रुग्ण पुढे किती जगले, याचा शोध घरोघर जाऊन घेतला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या लियॉंच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये आशिया, आफ्रिका, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतल्या कॅन्सर रुग्णांच्या जगण्याचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भारतातली पाच ठिकाणे आहेत: मुंबई, बार्शी, भोपाळ, चेन्नई आणि केरळातले करुणागपल्ली. त्यांतली दोन महाराष्ट्रातली, आणि तिसरे मध्य प्रदेशच्या राजधानीचे.

या अभ्यासांनी एक अप्रिय गोष्ट उघड केली. जे रुग्ण सापडत नाहीत त्यांची अवस्था सापडणाऱ्यांसारखीच असेल असे मानून आकडे काढले तर ते खोटे गोड दिसतात. लांब राहणारा, म्हातारा, उशिरा निदान झालेला रुग्ण आधी निसटतो आणि मरण्याची शक्यताही त्याचीच जास्त असते. मुंबई-चेन्नईच्या संख्याशास्त्रज्ञांनी ही तूट भरून काढणारे हिशेब मांडले. हॉस्पिटले आपापल्या यशाचे आकडे सांगतात तेव्हा किती जण हरवले हे विचारायची सवय मात्र अजून लागलेली नाही.

भोपाळच्या अनुभवाचा आणखी एक परिणाम कायद्याच्या वाटेने आला. ९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गॅसपीडितांच्या संघटनांच्या याचिकेवर आदेश दिला, की प्रत्येक पीडिताचे वैद्यकीय रेकॉर्ड संगणकावर घ्यावे आणि त्याला आरोग्य पुस्तिका व स्मार्ट कार्ड द्यावे. रुग्णाच्या उपचारांचा इतिहास त्याच्या स्वतःच्या हातात असणे हा त्याचा हक्क आहे, ही भूमिका इतक्या स्पष्टपणे या शहराच्या निमित्ताने मांडली गेली. अंमलबजावणी रखडत रखडतच झाली, हे भोपाळात कोणालाही सांगावे लागत नाही.

आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांना तर अनेक वर्षे हाती फाईल घेऊन परळची वाट धरावी लागे, आणि आजही कित्येक जण ती धरतात. भोपाळ ते मुंबई सव्वाआठशे किलोमीटरहून जास्त अंतर, पंजाब मेलने रात्र धरून चौदा-एक तास. रेल्वेच्या सवलतीच्या नियमांत कॅन्सर रुग्णाला उपचारांइतकीच ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीसाठीही सूट आहे: शयनयान आणि थ्री-एसीत रुग्णाला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. मुंबईत उतरल्यावर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन, वांद्र्याचे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस स्मृती भवन अशा जागा आहेत. या धर्मशाळा नसत्या तर बाहेरगावच्या निम्म्या तारखा चुकल्या असत्या, असे म्हणणे धाडसाचे नाही. तिकीट आणि खोली मिळाली तरी एक अडसर राहतोच, आणि त्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. गुदाशयाचा भाग काढून आतडे पुन्हा जोडले, की शौचाची घाई, वारंवार जाणे, थोडे थोडे होणे हे महिनोन्‌महिने चालू शकते. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. असा माणूस जनरल डब्यात शौचालयाजवळ जागा धरून बसतो किंवा आदल्या दिवसापासून जेवतच नाही. बायका तर बऱ्याचदा जाणेच टाळतात. टाटा मेमोरियलच्या ८०० रुग्णांच्या एका पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले होते. म्हणजे प्रवास करायचा तो कमावत्या वयाच्या माणसाने, रजा काढून, मजुरी बुडवून.

पोटावर पिशवी असलेल्यांची गोष्ट जरा वेगळी. अमेरिकेत क्लीव्हलंडला रूपर्ट टर्नबुल या सर्जननी १९५८ मध्ये नॉर्मा गिल यांना कामावर घेतले. गिल यांच्या स्वतःच्या पोटावर पिशवी होती. अशा रुग्णांना कसे जगायचे हे शिकवणे हा एक व्यवसाय आहे, हे त्यांच्यामुळे ठरले. टाटा मेमोरियलमध्येही स्टोमा क्लिनिक आणि स्टोमा नर्सचे प्रशिक्षण आले, आणि पिशवीधारकांची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईतच उभी राहिली. पिशवी चिकटवायची चकती किती मापाची कापायची, कातडी लाल झाली तर काय लावायचे, लग्नाला जाताना पिशवी कधी रिकामी करायची, हे नर्सला विचारायला रुग्ण येतो आणि त्याच खेपेला डॉक्टरांनाही दाखवून जातो. पिशवी तात्पुरती असेल तर ती काढायच्या ऑपरेशनसाठीही तो नक्की येतो. तारखा चुकू लागतात त्या त्यानंतर. पोट पूर्ववत झाले, आता कशाला जायचे, असे घरचेच म्हणू लागतात.

तपासण्यांच्या बाजूनेही या काळात बरेच घडले. सीईए हा पदार्थ १९६५ मध्ये मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडला. सुरुवातीला त्यावरून निदान होईल अशी आशा होती. ती फोल ठरली, पण ऑपरेशननंतर खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला तर ती धोक्याची खूण हे पक्के झाले. धूम्रपान करणाऱ्यांत हा आकडा मुळातच थोडा जास्त असतो, आणि दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या तर आकडेही जुळत नाहीत; म्हणून चाचणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करावी. १९६९ पासून न्यूयॉर्कला हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी लवचीक दुर्बिणीतून मस्से काढायला सुरुवात केली. ज्या आतड्यात एकदा कॅन्सर झाला त्यात दुसरा होऊ शकतो, आणि तो मस्सा असतानाच काढता येतो.

मग तपासण्या जितक्या जास्त तितके चांगले, असा समज सगळीकडे झाला. ब्रिटनमधल्या १,२०२ रुग्णांच्या २०१४ च्या चाचणीने आणि स्वीडन, डेन्मार्क व उरुग्वेतल्या २,५०९ रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीने त्याला आवर घातला. ब्रिटनमध्ये दाट तपासण्यांमुळे ऑपरेशन करण्याजोग्या अवस्थेत सापडलेले रुग्ण वाढले, पण एकूण जगण्यात ठाशीव फरक दोन्हीकडे दिसला नाही. यातून फॉलो-अप निरुपयोगी असा अर्थ काढणे चूक होईल. दोन्ही गटांतले रुग्ण कमीअधिक तपासले जातच होते. मात्र दर तीन महिन्यांनी स्कॅन परवडला नाही म्हणून येणेच बंद करणाऱ्याला, साधी तपासणी आणि रक्तचाचणी तरी चुकवू नकोस, असे सांगायला या निकालांनी भक्कम आधार दिला. आयसीएमआरने २०१४ मध्ये भारतासाठी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा मतैक्याचा दस्तऐवज काढला. भारतात हा आजार तुलनेने कमी, पुरुषांत लाखामागे आतड्याचा ४.४ आणि गुदाशयाचा ४.१, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी याची सवय असलेला डॉक्टर मिळणे अजूनही अवघड.

भोपाळात २०१२ पासून एम्स आहे, ईदगाह हिल्सवर जवाहरलाल नेहरू कॅन्सर हॉस्पिटल त्याच्याही आधीपासून आहे, आणि मेट्रोच्या पहिल्या मार्गावर एम. पी. नगर आणि एम्स ही दोन्ही स्थानके आहेत. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनचे नियम जाहीर झाले आणि रिपोर्ट फोनवर पाठवून डॉक्टरांशी बोलण्याला मान्यता मिळाली. परळच्या अनेक खेपा त्यामुळे वाचू लागल्या. पण पैशाचे गणित अर्धवटच आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला ५ लाखांचे संरक्षण आहे. ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांभोवती रचलेले, आणि घरी सोडल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरता. महाराष्ट्राने २०१२ मध्ये सुरू केलेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत, जिचे आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव आहे, ९७१ उपचारांच्या जोडीला १२१ फॉलो-अप सेवा वेगळ्या मोजलेल्या होत्या. सरकारी योजनेच्या यादीत फॉलो-अपला स्वतःची ओळ मिळाली, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी.

बरे झालेल्या माणसाकडे पाहण्याची दृष्टीही याच काळात बदलली. फिट्झह्यू मलन या अमेरिकन डॉक्टरना स्वतःला कॅन्सर झाला होता. उपचार संपल्यावर एक वेगळाच काळ सुरू होतो आणि त्यात रुग्ण एकटा पडतो, हे त्यांनी १९८५ मध्ये मांडले. भारतात यावरचे पहिले नियमित क्लिनिक टाटा मेमोरियलने १९९१ मध्ये उघडले, पण ते लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००५ मध्ये शिफारस केली, की उपचार संपताना प्रत्येकाला लेखी सारांश आणि पुढचा आराखडा द्यावा: काय झाले, काय दिले, कोणती तपासणी कधी, कशाकडे लक्ष ठेवायचे, कोणाला विचारायचे. एक पानाचा असा कागद घराजवळच्या डॉक्टरकडे असला तर सीईए त्याच्या देखरेखीखाली एम. पी. नगरात होऊ शकते आणि वर्षातून एकदाच मोठ्या हॉस्पिटलात जाणे पुरते. बहुतेकांच्या हाती आजही मिळते ते डिस्चार्ज कार्ड, आणि त्यावरचे अक्षर दुसऱ्या डॉक्टरला लागेलच असे नाही.

२०२५ च्या जूनमध्ये फॉलो-अपच्या यादीत एक नवी बाब आली. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ५५ केंद्रांत, आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि किमो झालेल्या ८८९ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल लागला. एका गटाला व्यायामाची माहितीपत्रके दिली. दुसऱ्याला तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, ठरलेल्या भेटी आणि फोन करून, व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणारे पहिल्या गटात ७३.९ टक्के होते, दुसऱ्यात ८०.३ टक्के. व्यायाम होता बहुतेकांना जमेल असा, भरभर चालण्यासारखा. पण तीन वर्षे तो सुटू न देण्यासाठी प्रत्येक रुग्णामागे एक ठरलेला माणूस होता.